सवचं पाणी

दादाची गाडी आमच्या गल्लीत आली ती पोट खरवडतच आली. गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे त्यावर ती अडकली, आणि जो आवाज झाला तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर दादा रस्त्यावर पालथा पडून गाडीखाली डोकावतोय. सहा महिन्यांनी बहिणीच्या दारात आलेला माणूस, पण बहिणीकडे बघायला त्याला सवड नव्हती. काय ते मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गाडी लाल, ठेंगणी, दोनच माणसांची. इंजिन मागे आणि डिकी पुढे. ती डिकीही एवढीशी, की माझी शाळेची पिशवी आणि एक पाच लिटरचा कॅन ठेवला की भरली. परदेशी बनावट, वय वर्षं एकोणीस. दादा मुंबईत ज्या शेठकडे सव्वीस वर्षं ड्रायव्हर होता, त्या शेठच्या मुलाने ती हौसेने घेतली होती आणि हौस फिटल्यावर इमारतीच्या तळघरात कापड घालून उभी केली होती. दादा तिला दर रविवारी पुसायचा. चालवायला कधी मिळाली नाही. टायर एका जागी बसू नयेत म्हणून तळघरात पुढेमागे करायची, तेवढंच. पुढे शेठ गेले, मुलगा परदेशी स्थायिक झाला, घर विकलं. दादाला मोकळं करायची वेळ आली तेव्हा मुलाने विचारलं, पैसे घेतोस की गाडी?

सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या चालवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. विचारणाऱ्याला तो सोपा वाटतो, एवढंच.

मी महाडात राहते आणि पोलादपूरच्या पलीकडे कापडे गावाच्या बाजूला शाळेत शिकवते. लग्न केलं नाही. आईबाबा गेल्यावर घर माझ्याकडे राहिलं. दादाची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांना उरलेले. माझी जीभ तिखट आहे, हे सगळी गल्ली जाणते. त्या दिवशी मी दादाला म्हटलं, "पैसे घेतले असतेस तर म्हातारपणी डोक्यावर पंखा आणि पोटात गोळ्या राहिल्या असत्या. हा हत्ती दारात बांधून काय करणार आहेस?"

"पोसणार," दादा म्हणाला. "तुला काय नाय कळायचं गो त्यातलं."

दादाने गाडी का घेतली ते त्याने मला दोन दिवसांनी सांगितलं, आणि मग मला ओरडताही येईना. त्याची साखर जुनी. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं होतं की आत पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटायला लागलेत. अंधारात गाडी चालवू नका, वाहनांच्या गर्दीत तर नकोच. ड्रायव्हरला हे सांगणं म्हणजे घरी बस सांगणं. पण दादाच्या डोक्यात एक गणित होतं. महाड, पोलादपूर, माणगाव, सगळीकडे लग्नाच्या वराती निघतात. नवरदेवाला हल्ली घोडा नको असतो, जीप नको असते. फोटोत उठून दिसेल असं काहीतरी हवं असतं. वरात दिवसाउजेडी असते आणि माणसाच्या चालीने चालते. म्हणजे दादाच्या डोळ्यांना झेपेल असं जगात एकच ड्रायव्हिंग उरलं होतं, आणि ते या गाडीत होतं. गाडी चालली तर तो माझ्याजवळ राहणार. नाही चालली तर परत मुंबईला, परत कुणाच्यातरी दारात चावी घेऊन उभा.

एवढं कळल्यावर मीही त्या हत्तीला चारा घालू लागले.

चारा म्हणजे काय ते ज्याने जुनी, पळायला बनवलेली गाडी पाळली आहे त्यालाच समजेल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे माझी आई मटणावरून म्हणायची. मी ते गाडीवरून शिकले. तिच्या मागच्या टायरचा आकार अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणी ऐकलेला नव्हता. ब्रेकच्या पट्ट्या मागवल्या तर बोटीने येणार. आठ दिवस उभी राहिली की बॅटरी मरायची, म्हणून रात्रभर चार्जरची वायर आमच्या खिडकीतून बाहेर. पंधरा वर्षं उलटून गेलेली, म्हणून नोंदणी नव्याने करायची, त्यात विम्याच्या माणसाने गाडी बघून नुसतीच मान हलवली. पावसाळ्यात महाडला पाणी चढतं, तेव्हा तिला उचलून कापड्याला चुलत घराच्या पडवीत नेऊन ठेवलं, तर तिथे भाताच्या कणग्यांमागून उंदीर आले आणि त्यांनी इंजिनातल्या वायरी खाल्ल्या. कोकणातल्या दमट हवेत रबर म्हणून जे काही तिच्या अंगात होतं ते सगळं चिरत चाललं होतं. एक दुरुस्त करावं तर दुसरं डोकं वर काढायचं.

मुंबईहून एक मेकॅनिक यायचा. या जातीच्या गाड्या उघडू शकणारा तोच एक, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. पहिल्याच खेपेला त्याने मागचं झाकण उघडून आम्हाला दोघांना उभं केलं आणि वर्गात मी शिकवते तसं शिकवलं.

"काका, हिचं सगळं दुखणं पाण्यात आहे. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मधून लांबलचक पाइप गेलेत. सगळे म्हातारे. कुठूनतरी थेंब थेंब जाणार. दर आठवड्याला ही टाकी बघायची आणि कमी असेल तर हे हिरवं पाणी, कूलंट, घालायचं, लाइनीपर्यंत. दुसरं कुठलंही नाही. नळाचं नाही, विहिरीचं नाही, नदीचं तर नाहीच नाही."

बोलताना तो माझ्याकडे बघत होता, कारण बाईमाणूस नळाखाली बादली लावणार हे त्याने गृहीत धरलं होतं. आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

हे सांगायला हवं. मी महाडची आहे. आमच्या घरात पाण्यापाण्यात फरक करत नाहीत. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र येतो तेव्हा आमच्या ओसरीवर वीस-पंचवीस जण झोपायला असतात. त्यांना पाणी देताना माझी आजी एकच वाक्य बोलायची, पाणी सगळं सारखं. ते वाक्य मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. अमुक पाणी चालेल, तमुक चालणार नाही, हे ऐकून घ्यायची आमच्या रक्ताला सवय नाही. मी मेकॅनिकला म्हटलं, "एवढं सोवळं तर आता माणसंपण पाळत नाहीत. तुमच्या गाडीला पाण्याचा विटाळ होतो की काय?"

तो हसला. दादा हसला नाही. त्याने तो हिरव्या पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी उचलून डिकीत ठेवला, आणि पुन्हा झाकण उघडून तो आडवा होणार नाही ना ते नीट बघितलं.

दादाचे गुडघेही धरलेले. म्हणून पाऊस सरल्यावर आम्ही रविवारी सवला जायला लागलो. नदीपलीकडचं गाव, तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. कुंडात पाय सोडून बसलं की अर्ध्या तासात सांधे सुटतात. लोक खरूज-नायट्यालाही तिथे येतात. पाण्याला गंधकाचा वास, जिभेवर किंचित खारट. लहानपणी बाबा आम्हाला घेऊन जायचे. बाबा ट्रकवर क्लीनर होते, कशेडीचा घाट त्यांनी आयुष्यभर चढला-उतरला. त्यांचं एक बोलणं आम्हा दोघांनाही पाठ होतं: तापल्या इंजिनाला गार पाणी दाखवायचं नाही, ब्लॉक तडकतो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी सवला पोचता पोचता समोर पिवळा दिवा लागला. दादाने गाडी झाडाखाली लावली, मागचं झाकण उघडलं. टाकीतलं पाणी लाइनीच्या खाली चार बोटं गेलेलं. तो म्हणाला, "मी जाऊन बसतो पाण्यात, पाय लय ठणकतायत. तू अर्ध्या तासानं डिकीतलं पाणी घाल. झाकण फडकं धरून उघड, नायतर भाजशील."

मी अर्ध्या तासाने डिकी उघडली. कॅन नव्हता.

तो मीच सकाळी काढून ठेवला होता. परतताना बाजारातून तांदूळ आणायचे होते आणि जागा होत नव्हती. कॅन आमच्या मोरीत, मी इथे. दादाला सांगावं तर तो बोलणार. आणि मला बोलणी खायला आवडत नाहीत, ती मी वाटते. शेजारी कुंड होतं. पाणी गरम होतं, इंजिन गरम होतं. बाबांचा नियम मोडत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या मेकॅनिकचा चेहराही डोळ्यांपुढे होता. मी प्यायच्या पाण्याची बाटली रिकामी केली, कुंडातून भरली, दोनदा ओतली.

दादा पाय पुसत आला. "घातलंस?"

"घातलं."

दिवा विझला. गाडी एखाद्या गुणी मुलीसारखी घरी आली. मी मनात म्हटलं, बघा, पाणी सगळं सारखं.

घरी आल्यावर एक अडचण राहिली. मोरीतला कॅन काठोकाठ भरलेला होता, आणि दादाची नजर पडली असती. म्हणून त्यातलं दोन बाटल्या हिरवं पाणी मी परसात, केळीच्या आळ्यात ओतलं. संध्याकाळी गल्लीतला तांबडा कुत्रा तिथे काहीतरी चाटत होता. मी हुसकला. दुसऱ्या दिवशी तो दारू प्यायल्यासारखा चालत होता, मुलं त्याला हसत होती. तिसऱ्या दिवशी तो केळीखालीच मेलेला सापडला. साप चावला असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

एकदा खपलं म्हणून प्रकरण थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही, आणि त्याला कारण दादाच्या गोळ्या. एका संध्याकाळी त्याच्या उशीखाली मला साखरेच्या गोळ्यांची पट्टी सापडली, एक दिवसाआड एक खाल्लेली. मी पट्टी त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "ते हिरवं पाणी परत आणायला झालंय. लय महाग देतो तो. गोळी काय, एखाद दिस नाय घेतली तर मरत नाय माणूस."

मी त्या दिवशी रडले. रागाने रडले, मायेने रडले, मला दोन्ही वेगळं काढता येत नाही. मी म्हटलं, "यापुढे पाणी मी बघणार. तू वाकू नकोस, तुझे गुडघे बघ. मी शाळेच्या पगारातून आणीन, आणि तू रोज माझ्यासमोर गोळी घ्यायची." तो कबूल झाला. बहिणीने गाडीची जबाबदारी घेतली याचा त्याला इतका आनंद झाला, की त्याने मला टाकीचं झाकण कसं फिरवायचं ते पुन्हा शिकवलं.

पगारातून मी गोळ्या आणल्या. पाणी सवहून आणलं. दर रविवारी दादा कुंडात बसायचा आणि मी कॅन भरून घ्यायचे, वर थोडं जुनं हिरवं पाणी रंगापुरतं. कुणालाही फसवत नव्हते, असं माझं मला सांगत होते. जे पाणी दादाच्या गुडघ्यांना बरं करतं ते त्याच्या गाडीला का वाईट करेल?

हिवाळा तसाच गेला. गाडीला महाडातल्या दोन-तीन वराती मिळाल्या, जवळच्या, छोट्या. दादाने नवा पांढरा शर्ट शिवला. नवरदेव शेजारी बसला की नवरी कुठे बसणार यावर प्रत्येक लग्नात भांडण व्हायचं, आणि करवलीला तर गाडीत टेकायलाही जागा नसायची. पण फोटो मात्र असे निघायचे की पुढच्या घरातून फोन यायचा. दादाच्या चेहऱ्यावर मांस चढलं. संध्याकाळी ओसरीवर बसून तो गाणं गुणगुणायचा, जे मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

गाडीनेही काही काही सांगायला सुरुवात केली होती. घरी येऊन बंद केली तरी मागचा पंखा दहा दहा मिनिटं घोंघावत राहायचा. टाकीच्या झाकणाभोवती पांढरी खपली धरू लागली, चहाच्या पातेल्याला धरते तशी. मी ती नखाने खरवडून टाकायचे. तापमानाचा काटा पूर्वी बरोबर मध्ये उभा असायचा, तो आता एक केस उजवीकडे झुकून उभा राहायचा. दादाला तो झुकलेला दिसत नव्हता. डोळ्यांचं तसं होतं. मला दिसत होता.

मला दिसत होता, आणि मी मूग गिळून बसले होते.

एप्रिलात मोठं बुकिंग आलं. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटरस्त्याला वर एक वाडी आहे, शेतकऱ्यांची. तिथल्या नवरदेवाला खाली पोलादपूरच्या हॉलवर आणायचं. नवरदेव मुंबईत कामाला, त्याचे मित्रही मुंबईचे, हौसेला मोल नाही. दादाने मलाही नेलं. म्हणाला, तू हायस तर मला धीर हाय. उजाडल्यावर निघालो. घाट चढताना काटा केसभर नव्हे, बोटभर सरकला. वाडीवर पोचल्यावर मी मागचं झाकण उघडून बघितलं. टाकीतलं पाणी हिरवं राहिलं नव्हतं. गंजाच्या रंगाचं होतं, आणि त्यावर तवंग. मी कॅनमधलं ओतलं आणि झाकण लावलं. तेव्हा दादाला हाक मारायला हवी होती. तो मंडपाच्या कडेला उभा राहून नवरदेवाच्या म्हाताऱ्या आजीला गाडी दाखवत होता, आणि ती गाडीच्या टपावरून गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होती. मी हाक मारली नाही.

मग वरात निघाली. आमच्याकडची वरात म्हणजे बेंजोवाले पुढे, नाचणारे त्यांच्यामागे, आणि गाडी सगळ्यांच्या मागे पावलापावलाने. पाच पावलं चालली की थांबणार. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंतचं अंतर दहा मिनिटांचं. मुंबईच्या पोरांनी त्याचा सव्वा तास केला. डोक्यावर एप्रिलचं ऊन. वाऱ्यावर जगायला बनवलेली गाडी, तिला एक झुळूक नाही. नवरदेवाला घाम येऊ नये म्हणून आत एसी चालू. दादाचा पाय क्लचवर, क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत येत होता. मी त्याच्या खिडकीला धरून चालत होते आणि काटा बघत होते. नाचणाऱ्यांनी आणखी एक गाणं मागितलं. काटा लाल रेघेला टेकला.

दादाला वास आला असावा. त्याने माझ्याकडे मान वळवली. बाजूला मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, म्हणून हळूच विचारलं, "गो, पाणी घातलंस ना?"

"घातलं."

"लाइनीपर्यंत?"

"लाइनीपर्यंत."

त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. मी म्हटलं असतं, दादा थांब, नवरदेवाला टेम्पोत बसव, तर वऱ्हाडी हसले असते, बुकिंग गेलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं की का. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी एका परक्या घरचा मुलगा आणि माझा सख्खा भाऊ त्या उतारावर जाऊ दिले.

डांबरी लागल्यावर नाच संपला. बाकी सगळे टेम्पोत चढले, मीही चढले, अगदी पुढे, हौद्याच्या दांड्याला धरून. गाडी आमच्या पुढे. पहिल्या वळणावर तिच्या मागच्या झाकणातून पांढरी वाफ निघायला लागली. टेम्पोतल्या बायका म्हणाल्या, धूर सोडलाय बघा, फोटोसाठी. आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वळणावर ब्रेकचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले आणि लागलेलेच राहिले, पण गाडी हळू होत नव्हती. इंजिनाचा आवाज थांबला होता. तो आवाज थांबलेला मला एकटीलाच ऐकू आला. उजव्या हाताला दरी, डाव्या हाताला डोंगर. तिसऱ्या वळणाच्या आधी दादाने गाडी डाव्या कडेला, गटारात घातली आणि डोंगराला घासत नेली. दगडांवरून पत्रा फाटत जाण्याचा आवाज फार वेळ चालला. मग ती उभी राहिली.

नवरदेवाला खरचटलंही नव्हतं. त्याच्या बाजूचं दार डोंगराला टेकलेलं, म्हणून तो दादाच्या दाराने बाहेर आला, मुंडावळ्या सावरत. दादा बाहेर आला आणि रस्त्यातच बसला. 

"इंजन बंद पडलं आणि ब्रेक दगड झाला गो," तो म्हणाला. "दोन पायांनी दाबला. हलंना."

नवरदेवाच्या वडिलांनी एक शब्द वावगा काढला नाही. त्यांनी मुलाला टेम्पोत घेतलं, दादाला पाणी दिलं, आणि मुहूर्ताला निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडी ओढून महाडला आणली. मेकॅनिक आला. त्याने दोन दिवस ती खोलली आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. जमिनीवर मांडलेले भाग मी बघितले. पाण्याच्या पंपाची पाती झिजून नखभर उरली होती, आणि पाइपांच्या आत पांढरा, पिवळसर थर, जुन्या हाडासारखा. इंजिनाचं डोकं वाकलं होतं. नवं घालायचं तर एवढा खर्च, की त्यात गाडी सोडून दुसरं काहीही आलं असतं.

"काका," मेकॅनिक म्हणाला, "खरं सांगा. यात पाणी कुठलं घातलं?"

दादा वाकला. गुडघ्यांना हात टेकत वाकला. त्याने पाइपातली एक खपली अंगठ्याने सोलली, चिमटीत चुरली, आणि नाकाशी नेली. लहानपणापासून त्या वासात आम्ही पाय सोडून बसलो होतो. त्याने खपली खाली टाकली आणि हात पँटला पुसला.

"घरचंच," तो म्हणाला. "कधी कधी नळाचं घातलं मी. चुकलं माझं."

माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मेकॅनिक सामान आवरायला लागला. जाताना त्याने तळातलं गंजाच्या रंगाचं, जरासं हिरवट उरलेलं पाणी एका डब्यात भरून बूच घट्ट लावलं आणि मला म्हणाला, "ताई, हे कुठे उघड्यावर ओतू नका हां. गोड असतं. कुत्री चाटतात आणि तीन दिवसांत मरतात."

गाडी आता कापड्याला, त्याच पडवीत आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत तिला बघायला जातात आणि परत येऊन मला सांगतात, बाई, काच अजून वर-खाली होते. ‘पाणी सगळं सारखं’ हे वाक्य मी यंदाही शाळा उघडल्यावर फळ्यावर लिहिलं. वाक्य खरंच आहे, माणसांपुरतं. लिहून झाल्यावर खडू ठेवायला मला जागा सापडत नव्हती.

दादा जूनमध्ये मुंबईला गेला. पुन्हा ड्रायव्हर, नव्या मालकांकडे. नवी गाडी, तिच्यात त्यांच्या दोन लहान मुली. सकाळी शाळेत सोडायच्या, संध्याकाळी क्लासवरून आणायच्या. पावसात संध्याकाळ म्हणजे अंधारच. रोज साडेसातला त्याचा फोन येतो, पोचलो म्हणून. परवाही आला. मग म्हणाला, "आज एक माणूस रस्ता ओलांडत होता. मला उशिरा दिसला."

"दादा," मी म्हटलं, "त्या लोकांना डोळ्यांचं सांग. आजच सांग."

"कामावर ठेवताना विचारलंवतं त्या बाईंनी, पोरींच्या आईनं. डोळे बरे आहेत ना, म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, बरे आहेत."  त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी भांडले असते. "तू नाय का म्हणालीस, घातलं म्हणून. तसंच."

 फोन त्याने लगेच ठेवला नाही. मागे पाऊस ऐकू येत होता.

त्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. अडीअडचणीला असू दे म्हणून दादानेच दिलेला. लावला तर दादाची ही गाडीही माझ्याच हातून बंद पडणार. नाही लावला तर मागच्या सीटवर दोन मुली आहेत. दोन दिवस मी तो नंबर काढून बघतेय. आजही बघितला, आणि मग साडेसातची वाट बघत बसले.